सिंधसाठी रेषा का आखली गेली नाही?

ऑगस्ट महिना उजाडला की फाळणीच्या आठवणी निघतात. २०२१ साली केंद्र शासनाने १४ ऑगस्ट हा ‘विभाजन विभीषिका स्मृती दिन’ म्हणून जाहीर केल्यापासून या आठवणींना शासकीय अधिष्ठानही लाभले आहे. प्रदर्शने भरतात, व्याख्याने होतात, वृत्तपत्रांतून जुनी छायाचित्रे छापली जातात. माणसांनी लगडलेल्या आगगाड्या, लाहोर-अमृतसरच्या वाटेवरचे बैलगाड्यांचे तांडे, कोलकात्याच्या रस्त्यांवरील प्रेते, नोआखालीची पदयात्रा ही चित्रे त्यांत हमखास असतात. पंजाब आणि बंगाल या दोन प्रांतांनी जे सोसले त्याचे स्मरण झालेच पाहिजे. परंतु या साऱ्यात सिंध कोठे असतो? ‘सिंध प्रांत पाकिस्तानात गेला’ या एका वाक्यात त्याची बोळवण होते. पंजाब तुटला, बंगाल तुटला. सिंध मात्र न तुटता, अखंडच्या अखंड गेला. ज्याचे तुकडे झाले नाहीत त्याच्या वेदनेला इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात स्वतंत्र परिच्छेद मिळत नसावा.

मूळ प्रश्न येथेच आहे. फाळणीचे जे तत्त्व ब्रिटिश सत्तेने जाहीर केले आणि दोन्ही प्रमुख पक्षांनी मान्य केले, ते सिंधला का लावले गेले नाही?

३ जून १९४७ ची योजना आज पुन्हा बारकाईने वाचण्यासारखी आहे. पंजाब आणि बंगालच्या विधिमंडळांनी दोन भागांत बसावे, मुस्लिमबहुल जिल्ह्यांचे सदस्य एकीकडे आणि उर्वरित जिल्ह्यांचे दुसरीकडे. दोहोंपैकी एका भागाने जरी विभाजनाच्या बाजूने कौल दिला तरी प्रांताचे विभाजन होईल, अशी तरतूद त्यात होती. आसाम हा बिगरमुस्लिमबहुल प्रांत. पण त्यातील सिल्हेट जिल्हा मुस्लिमबहुल, म्हणून तेथे स्वतंत्र सार्वमताची सोय केली गेली. ६ व ७ जुलै रोजी ते सार्वमत झाले आणि सिल्हेटचा बहुतांश भाग पूर्व बंगालला जोडला गेला. वायव्य सरहद्द प्रांतातही सार्वमत झाले. सिंधसाठी काय होते? सिंध विधानसभेने एका विशेष बैठकीत, एकत्र बसून, बहुमताने निर्णय घ्यावा, इतकेच. जिल्हावार मतदान नाही, सार्वमत नाही, सीमा आयोग नाही. २६ जून १९४७ रोजी ती बैठक झाली. ३३ विरुद्ध २० मतांनी नव्या घटना समितीत, म्हणजेच पाकिस्तानात, सामील होण्याचा निर्णय झाला. वीस आमदारांनी हात वर करून जो विरोध नोंदविला त्याचा उपयोग त्यांच्या मतदारांना शून्य झाला.

या वीस मतांमागे किती माणसे होती? १९४१ च्या जनगणनेनुसार सिंधची लोकसंख्या सुमारे ४५ लाख होती आणि तीत हिंदू चतुर्थांशाहून अधिक होते. कराची, हैदराबाद, सक्कर, शिकारपूर या शहरांतील व्यापार, शिक्षण, वैद्यक आणि वकिली बव्हंशी त्यांच्या हाती होती. पण संख्येपेक्षाही महत्त्वाचा आहे तो भूगोल. सिंधच्या आग्नेयेला असलेल्या थरपारकर जिल्ह्यात मुस्लिमांचे प्रमाण जेमतेम पन्नास टक्क्यांच्या रेषेवर होते. उरलेले जवळपास निम्मे लोक हिंदू होते. हा जिल्हा पूर्वेला मारवाडला आणि दक्षिणेला कच्छला भिडलेला. उमरकोटचे सोढा राजपूत आणि मारवाडची घराणी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची सोयरीक. सिंधच्या हैदराबादेहून निघालेली रेल्वे याच वाळवंटातून जोधपूर संस्थानात येत असे. म्हणजे सलगता होती, लोकसंख्या होती, दळणवळण होते. सिल्हेटला जो प्रश्न विचारला गेला, तो उमरकोटला विचारायला काय हरकत होती?

यावर एक उत्तर दिले जाते, आणि ते टाळून चालणार नाही. जिल्हा हा घटक धरला असता तर थरपारकर काठावर का होईना मुस्लिमबहुलच ठरला असता. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. परंतु पंजाबच्या सीमा आयोगापुढे तहसील हा घटक धरूनही दावे मांडले गेले आणि गुरुदासपूर जिल्ह्याचे विभाजन तहसीलवारच झाले. तोच न्याय थरपारकरच्या पूर्वेकडील तालुक्यांना लावला असता तर चित्र पालटू शकले असते. शिवाय आयोग नेमला म्हणजे न्याय मिळालाच असता असेही नाही. चितगाव डोंगरी प्रदेशात सत्त्याण्णव टक्के लोक बिगरमुस्लिम होते, तरी रॅडक्लिफ यांनी तो पाकिस्तानला दिला. खुलना हिंदुबहुल असून तिकडे गेला, मुर्शिदाबाद मुस्लिमबहुल असून इकडे आला. आधी कधीही भारतात न आलेल्या एका विलायती वकिलाने पाच आठवड्यांत काढलेली ती रेषा. ती जाहीरसुद्धा १७ ऑगस्टला, स्वातंत्र्याचा सोहळा उरकल्यानंतर, झाली. तरीही पंजाब आणि बंगालच्या हिंदूंना निदान बाजू मांडण्याची संधी मिळाली. नकाशे तयार झाले, वकिलांनी युक्तिवाद केले. सिंधच्या हिंदूंना जाऊन उभे राहावे असे न्यायासनच नव्हते.

ही उपेक्षा १९४७ साली एकाएकी घडली नाही.

१८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने मियाणीच्या लढाईनंतर सिंध जिंकला आणि १८४७ पासून तो मुंबई इलाख्याला जोडला गेला. पुढली जवळपास नव्वद वर्षे सिंध आणि महाराष्ट्र एका प्रशासनाखाली नांदले. सिंधची मुले मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. कराचीत मराठी माणसांची वस्ती होती. तेथील पहिली सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. याच वैद्यांनी व्यापाऱ्यांच्या जुन्या खुदाबादी लिपीला वळण देण्याचा खटाटोप केला होता. (कराचीतील एका शाळेवर मराठी नाव टिकून आहे, हे मुंबई-पुण्यात फारसे कोणाला ठाऊक नसते.)

या इलाख्यात सिंधचा मुसलमान अल्पसंख्य होता आणि हिंदू बहुसंख्याकांचा भाग होता. सिंध वेगळा झाला की हे गणित उलटणार हे उघड होते. आणि तरीही सिंधच्या स्वतंत्र अस्तित्वाचा पहिला उच्चार १९१३ साली कराचीच्या काँग्रेस अधिवेशनात हरचंदराय विशनदास या हिंदू पुढाऱ्यानेच केला. त्यात सिंधी अस्मितेचा प्रामाणिक अभिमान होता, मुंबईच्या दूरस्थ कारभाराविषयीची तक्रार होती. काँग्रेसने १९१७ मध्ये सिंधला स्वतंत्र प्रांतिक समिती दिली. पुढे मात्र या मागणीचा रंग बदलला. १९२९ मध्ये जिना यांनी मांडलेल्या चौदा मुद्द्यांत सिंधची विभक्ती हा एक मुद्दा होता. १९२८ च्या नेहरू अहवालानेही तिला काही अटींवर संमती दिली होती. सिंधमधील हिंदू तोपर्यंत सावध झाले होते, विरोध करीत होते. पण त्यांचे ऐकणारा कोणी उरला नव्हता. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध मुंबईपासून वेगळा झाला. सिंधची खरी फाळणी त्या दिवशी झाली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे ठरू नये. अकरा वर्षांनंतर उरले ते केवळ शिक्कामोर्तब.

त्या अकरा वर्षांत जे घडले ते एखाद्या चिंतातुर कुटुंबाच्या दैनंदिनीसारखे आहे. १९३९ मध्ये सक्करच्या मंझिलगाह या वास्तूवरून लीगने आंदोलन पेटविले, दंगली झाल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला रुक स्थानकावर भगत कंवर राम यांना गोळ्या घालण्यात आल्या. गावोगाव भजने गाऊन मिळालेले दान हिंदू-मुस्लिम असा भेद न करता वाटून टाकणारा हा संत. १९४० मध्ये विधानसभेचे सदस्य हस्साराम पमनाणी यांची हत्या झाली. अल्लाबक्ष सूमरो हा सिंधचा मुख्यमंत्री खरा राष्ट्रवादी. एप्रिल १९४० मध्ये दिल्लीत भरलेल्या आझाद मुस्लिम परिषदेचे अध्यक्षपद भूषवून त्याने पाकिस्तानच्या कल्पनेला जाहीर विरोध केला होता. १९४२ च्या आंदोलनात दडपशाही सुरू झाली तेव्हा त्याने ब्रिटिशांच्या पदव्या परत केल्या. गव्हर्नरने त्याला बडतर्फ केले. १४ मे १९४३ रोजी शिकारपूरमध्ये त्याचा खून झाला. अल्लाबक्षाचे नाव आज भारतात किती जणांना आठवते? पाकिस्तानात ते आठवण्याचे कारण नाही. आपण विसरलो त्याला मात्र क्षमा नाही.

२१ जानेवारी १९४३ रोजी सक्करच्या तुरुंगात हेमू कलाणी हा एकोणीस वर्षांचा तरुण स्वातंत्र्यासाठी फासावर गेला. त्यानंतर सहा आठवडेही उलटले नव्हते तोच, ३ मार्चला, सिंध विधानसभेने पाकिस्तानच्या मागणीला पाठिंबा देणारा ठराव संमत केला. असा ठराव करणारे ते देशातील पहिले प्रांतिक विधिमंडळ. गुलाम हुसेन हिदायतुल्ला यांच्या मंत्रिमंडळातील हिंदू मंत्र्यांनी निषेध नोंदविला. मंत्रिपदे मात्र सोडली नाहीत. हे वाचताना आजही मान खाली जाते. काँग्रेसला दोष देताना आपल्या बाकावरचे हे मौनही हिशेबात धरावे लागते.

आणखी एक विसंगती. फाळणीची योजना काँग्रेसने स्वीकारली तेव्हा तिचे अध्यक्ष होते आचार्य जे. बी. कृपलानी, सिंधच्या हैदराबादचे सुपुत्र. जून १९४७ च्या मध्यावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने दिल्लीत १५७ विरुद्ध २९ मतांनी योजनेला मान्यता दिली. सिंध काँग्रेसचे डॉ. चोइथराम गिडवाणी यांनी तेथे विरोधाचा सूर लावला, पुरुषोत्तमदास टंडन यांनी तळमळून विरोध केला; कृपलानींनी मात्र ठरावाचे समर्थन केले. त्यांच्या देशभक्तीविषयी कोणी शंका घेणार नाही. पंजाबमधील हिंसाचार पाहून त्यांचे मन विदीर्ण झाले होते, हेही खरे. पण आपली जन्मभूमी एका स्वाक्षरीने परकी होते आहे, आणि तिच्यासाठी एका तालुक्याचीही मागणी नोंदविली जात नाही, ही गोष्ट अध्यक्षपदावर बसलेल्या सिंधी माणसाला रोखता आली नाही. सत्तांतराची घाईच तशी होती. ॲटली यांनी फेब्रुवारीत जून १९४८ ची मुदत जाहीर केली होती. माउंटबॅटन यांनी ती दहा महिन्यांनी अलीकडे ओढली. ज्यांचा आवाज मोठा होता त्यांचेच या घाईत ऐकले गेले. सिंधचा हिंदू व्यापारी, शिक्षक, वकील, सूफी दर्ग्यावर आणि गुरुद्वारात सारख्याच श्रद्धेने डोके टेकविणारा. त्याचा आवाज मोठा नव्हता.

१५ ऑगस्टला सिंध शांत होता. अनेक हिंदू कुटुंबांनी तर तेथेच राहण्याचा निश्चय केला होता. शेजारचा सिंधी मुसलमान आपल्याला अंतर देणार नाही, हा त्यांचा विश्वास होता आणि तो पूर्णतः अनाठायीही नव्हता. संकटकाळी शेजाऱ्यांनी आश्रय दिल्याच्या कथा निर्वासितांनीच सांगितल्या आहेत. परंतु उत्तर भारतातून आलेल्या मुहाजिरांचे लोंढे कराचीत, हैदराबादेत उतरले आणि त्यांना घरे हवी होती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीच्या रतन तलाव भागातील गुरुद्वारात आश्रयाला असलेल्या शिखांवर हल्ला झाला आणि शहरभर हिंदूंची घरे, दुकाने लुटली गेली. त्यानंतर जाण्यावाचून उपाय राहिला नाही. कराची बंदरातून बोटी भरभरून मुंबई, ओखा, वेरावळकडे निघाल्या. दुसरी वाट होती मीरपूरखास-मुनाबाव-मारवाडची, वाळवंटातली. किल्ल्या शेजाऱ्यांकडे सोपवून लोक निघाले. काही दिवसांत परत येऊ, असे त्यांना वाटत होते.

ते येऊन कोठे पोहोचले? पंजाबच्या निर्वासिताच्या दुःखाची तुलना करण्याचे कारण नाही, पण त्याच्या पायाखाली अर्धा पंजाब होता. तिकडे गेलेल्यांनी सोडलेली जमीन त्याला काही प्रमाणात तरी वाटता आली. त्याची भाषा बोलणारे गाव, त्याच्या भाषेचे विधिमंडळ त्याला मिळाले. सिंधी माणसाला यांपैकी काहीच नव्हते. त्याला मिळाल्या कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकी. पाच छावण्यांत मिळून सुमारे एक लाख माणसे तेथे कोंबली गेली. बराकीत पोत्यांचे पडदे लावून संसार थाटले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांसाठी छावणी उभारली गेली होती. ते परतू लागले आणि त्याच बराकींत सिंधी कुटुंबे येऊन राहिली. आजचे गांधीनगर ते हेच, जेथे कोल्हापूर-सांगलीचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला जातात. खरेदी करताना त्या बराकींच्या भिंतींकडे कोणाचे लक्ष जात नाही.

पिंपरीची वसाहत, चेंबूरची छावणी, कच्छच्या महारावांनी दिलेल्या १५ हजार एकर जमिनीवर भाई प्रताप यांनी वसविलेले गांधीधाम: यादी मोठी आहे. कराचीच्या दयाराम जेठमल सिंध महाविद्यालयातील प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद महाविद्यालय सुरू केले. सिंधच्या हैदराबादेतील नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्याला नव्याने उभे राहिले. घर गेले तरी शाळा बरोबर आणणारा असा समाज विरळा. पापड-लोणची विकून मुलांना शिकविणाऱ्या त्या स्त्रियांच्या कष्टांची नोंद शासनदरबारी नाही. हातात कटोरा घेऊन सिंधी माणूस महाराष्ट्रात कोणी पाहिला नाही, हे मात्र जुन्या पिढीतील मराठी माणसेही आवर्जून सांगत. प्रारंभीच्या काळात स्थानिकांनी त्यांना हिणवले, ‘निर्वासित’ हा शब्द शिवीसारखा वापरला, हेही नाकारता येणार नाही.

प्रांत नसलेल्या भाषेचे काय होते, ते सिंधीकडे पाहून कळते. राज्यघटना अमलात आली तेव्हा आठव्या अनुसूचीत चौदा भाषा होत्या. सिंधी नव्हती, कारण तिला राज्य नव्हते. १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने ती समाविष्ट झाली. दरम्यान लिपी अरबी की देवनागरी हा वाद समाजातच पेटला आणि भाषा दोन लिप्यांत विभागली गेली. भूमीची नाही झाली, ती फाळणी अशी पाटी-पेन्सिलीवर झाली. २०११ च्या जनगणनेत सिंधी भाषकांची संख्या सुमारे २७ लाख ७२ हजार भरली, तीही कच्छी बोलणाऱ्यांना धरून. उल्हासनगरमधील नातू आजीशी हिंदीत बोलतो. २००५ मध्ये राष्ट्रगीतातून ‘सिंध’ हा शब्द काढून तेथे दुसरा शब्द घालावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली. तो शब्द राहिला. सिंधी बोलण्यासाठी मात्र घराबाहेर जागा उरत नाही.

ज्यांनी सिंध पाकिस्तानला नेऊन दिला त्यांच्या वाट्याला तरी काय आले? जुलै १९४८ मध्ये कराची सिंधपासून तोडून केंद्राच्या ताब्यात गेली. १९५५ च्या ‘वन युनिट’ योजनेत सिंध हा प्रांतच नकाशावरून पुसला गेला, तो १९७० मध्ये परतला. १९७२ मध्ये सिंधी भाषेला राजमान्यता देण्यावरून कराचीत दंगली उसळल्या. आणि १९४३ चा तो पाकिस्तानवादी ठराव मांडणारे जी. एम. सय्यद? त्यांनी १९७२ मध्ये स्वतंत्र ‘सिंधुदेश’ची घोषणा केली, आयुष्याची कित्येक वर्षे त्याच पाकिस्तानच्या स्थानबद्धतेत काढली आणि १९९५ मध्ये ते वारले.

एकदा इतिहासाने दार किंचित उघडलेही होते. डिसेंबर १९७१ च्या युद्धात भारतीय सेनेने थरपारकरमधील छाछरोपर्यंत मजल मारली. जयपूरचे सवाई भवानीसिंह यांच्या नेतृत्वाखालील छत्रीधारी सैनिकांचा तो पराक्रम सेनेच्या इतिहासात नोंदला गेला आहे. हजारो चौरस किलोमीटरचा तो प्रदेश काही महिने तिरंग्याखाली होता. सिमला करारानंतर तो परत दिला गेला. परत देताना तेथील हिंदूंचे काय, हा प्रश्न वाटाघाटीच्या मेजावर आला नाही. हजारो कुटुंबे पुन्हा एकदा बाडमेरच्या वाळवंटात छावण्यांत आली. १९४७ मध्ये न विचारला गेलेला प्रश्न चोवीस वर्षांनी दुसऱ्यांदा राहून गेला.

उमरकोट जिल्ह्यात आजही हिंदूच बहुसंख्य आहेत. पाकिस्तानात उरलेल्या हिंदूंपैकी बहुतेक सिंधमध्ये राहतात. मेघवार, कोळी, भिल्ल अशा समाजांतील, जमीनदाराच्या शेतावर राबणारे, बव्हंशी निर्धन लोक. १९४८ मध्ये बोटीचे भाडे भरू शकणारे निघून गेले. हे मागे राहिले. मुलींचे अपहरण आणि सक्तीचे धर्मांतर यांच्या तक्रारी त्यांच्याच वस्त्यांतून येतात, आणि पाकिस्तानातील मानवाधिकार कार्यकर्तेही त्या मांडत असतात. २००६ मध्ये मुनाबाव-खोखरापार मार्गावर थार एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हा यातील अनेक जण तीर्थयात्रेच्या परवान्यावर जोधपूरला आले आणि परतलेच नाहीत. ऑगस्ट २०१९ पासून ती गाडी बंद आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संमत झालेल्या नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये लागू झाले. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना त्याचा लाभ मिळतो. त्यानंतर आलेली कुटुंबे जोधपूरच्या वेशीवर, पत्र्याच्या आणि विटांच्या खोपटांत, दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून राहत आहेत. त्यांच्यासाठी ती तारीख पुढे सरकवायची की नाही, याचा निर्णय दिल्लीने घ्यायचा आहे.